तळणीच्या उरलेल्या तेलाची विल्हेवाट
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण, वसतिगृहाचा निधी, वधूवरसूचन अशा भारदस्त विषयांवर आज विद्वान वक्ते बोलून गेले. त्यांच्यामागून कढईत उरलेल्या तेलाविषयी बोलावयास उभे राहणे हे धाडसच होय. कार्यक्रमपत्रिकेत आमच्या व्याख्यानाचे नाव वाचून काही मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले आम्ही पाहिले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु तेलाविषयी तेली समाजाच्या व्यासपीठावर बोलावयाचे नाही, तर मग कोठे बोलावयाचे?

तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे चाकणचे संताजी महाराज जगनाडे हे घाण्याचेच धनी होते, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या घाण्याची एक रीत होती. तेथे काही वाया जात नसे. तेल घरोघरी जाई, पेंड गुरांच्या गव्हाणीत जाई, शेंगांची टरफले चुलीत जात. गिऱ्हाइकाच्या भांड्यात माप उपडे केल्यावर मापाला चिकटलेले थेंबदेखील निथळू दिले जात. बीमधून तेल कसे काढावे, हे आपल्या वाडवडिलांना कोणी शिकवावे लागले नाही. मात्र वापरून झालेले तेल शेवटी कोठे जाते, हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांनी स्वतःला विचारला असेल.

पूर्वी तो विचारण्याचे कारणही नव्हते. तेल पळीने मोजून वापरले जाई, तळण सणावारीच होई. उरलेले तेल दोन दिवसांत फोडणीला संपे आणि तळाचा गाळ गाडीच्या आसाला वंगण म्हणून लागे. मोरीचे पाणी परसातील अळूला जाई. आता घरात पाच लिटरचा कॅन आणि पंधरा किलोचा डबा येतो, परस नाहीसे झाले आहे, आणि मोरीखाली नळ, नळाखाली चेंबर व चेंबरापुढे गटार आहे. मोरीत ओतलेली वस्तू दिसेनाशी होते, म्हणून ती नाहीशी झाली असे आपण समजतो.

आम्हीही तसेच समजत होतो. इ. स. २०१६ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही राहतो त्या इमारतीचे चेंबर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुंबले आणि तळमजल्यावरील बिऱ्हाडांच्या मोऱ्यांतून घाण पाणी वर आले. सोसायटीचे चिटणीस त्या वर्षी आम्हीच होतो. ओळखीने एक सफाईचे काम करणारा तरुण बोलावला. बांबूने काम भागेना, तेव्हा त्याने सदरा काढून बाजूस ठेवला, कमरेला दोर बांधला आणि तो आत उतरला. आम्ही नाकाला रुमाल लावून काठावर उभे होतो. काही वेळाने त्याने वर फेकलेले ढेकूळ पांढुरके व कठीण होते, धुण्याच्या साबणाच्या वडीसारखे. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "हा दगड आत कोणी टाकला?" तो खालूनच म्हणाला, "दगड न्हाई काकी, हे तुमचं दिवाळीचं तेल हाय."

आम्ही त्याला ठरलेली मजुरी दिली, वर फराळाचा पुडा दिला आणि मोठे औदार्य केले अशा समजुतीने घरी आलो. ज्या फराळाचा पुडा दिला, त्याच फराळाच्या तेलाने तो माणूस खड्ड्यात उतरला होता, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले.

तेलाचा दगड कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. गरम तेल नळातून सहज वाहते. पुढे थंड झाले की नळाच्या अंगाला चिकटते. वनस्पती तूप तर थिजतेच. गटारात तेलातील मेदाम्ले सुटी होतात आणि पाण्यातील व काँक्रीटमधील चुन्याशी संयोग पावून त्यांचा एक प्रकारचा साबण बनतो. मात्र हा साबण पाण्यात विरघळत नाही. त्यावर केस, चिंध्या, भाताची शिते अडकत जातात व थर वाढत जातो. लंडन शहरात व्हाइटचॅपेल भागाखालील गटारात २०१७ साली असा गोळा सापडला. त्याची लांबी अडीचशे मीटर व वजन सुमारे १३० टन होते. त्याचा एक तुकडा पुढे तेथील संग्रहालयात लोकांस पाहावयास ठेवला होता. तो डोंगर कोणा एका कारखान्याने केलेला नव्हता. घरांतून आणि खानावळींतून थोडे थोडे जाऊन तो झाला होता.

कित्येक घरी कढई धुताना वरून कढत पाणी व सोडा ओततात आणि नळ मोकळा झाला असे मानतात. त्याने तेल चार हात पुढे जाऊन पुन्हा बसते, एवढेच. आपली मोरी मोकळी होते आणि शेजाऱ्याची तुंबते. ज्या गावी सेप्टिक टाकी आहे, तेथे तेल पाण्यावर तरंगून साय धरते व पुढे शोषखड्ड्याची माती बुजवून टाकते.

अशा तुंबलेल्या गटारात हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू साचतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच मारतो, म्हणून आत उतरलेल्यास धोक्याची सूचनाही मिळत नाही. संरक्षक साधनांवाचून कोणासही गटारात वा सेप्टिक टाकीत सफाईसाठी उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा नगरपालिकेप्रमाणे तुम्हां-आम्हांसही लागू आहे. आम्ही त्या दिवशी जे केले तो गुन्हा होता. अज्ञान ही सबब चालत नाही, म्हणून ती आम्ही पुढे करीत नाही. गटारातील मृत्यूबद्दल द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ मरणे थांबलेली नाहीत.

बंधुभगिनींनो, येथे आपण आपल्या ज्ञातीच्या उन्नतीसाठी जमलो आहोत. आपल्या मुलांनी घाणा सोडून डॉक्टर-इंजिनियर व्हावे, ही आपली आकांक्षा योग्यच आहे. परंतु जो माणूस पिढ्यान्‌पिढ्या जातीमुळेच त्या खड्ड्याकाठी उभा केला गेला, त्याला आपल्या कढईतील तेलाने पुन्हा आत ओढावे, हे आपल्या उन्नतीस शोभत नाही.

आता उपाय सांगतो. ते कठीण नाहीत.

प्रथम, उरेल असे तेल घेऊच नये. लहान व खोल कढई घ्यावी व वस्तू थोड्या थोड्या तळाव्या. तळण झाल्यावर तेल कोमट होऊ द्यावे, फडक्यातून गाळावे आणि झाकून ठेवून दोन-तीन दिवसांत फोडणीस वा कणकेच्या मोहनास संपवावे. ताज्या तेलाच्या बरणीत ते कधीही मिसळू नये. तेल काळपट व चिकट झाले, फेसाळू लागले, लवकर धुरू लागले की त्याचा अन्नाशी संबंध संपला असे समजावे.

दुसरे, कढई, तवा व तेलकट ताटे धुण्यापूर्वी जुन्या कागदाने वा कोंड्याने पुसून घ्यावी. थिजलेले तूप उलथन्याने खरवडून काढावे. नळात जाणारे पुष्कळसे तेल या एका सवयीने थांबते. आणि हे काम केवळ भगिनींचे आहे असे कोणी समजू नये. चकली खाणाऱ्या हाताला कढई पुसता येते.

तिसरे, वाया गेलेले तेल पूर्ण निवल्यावर नसराळ्याने बाटलीत भरावे, बाटलीवर मोठ्या अक्षरांत "वापरलेले तेल" असे लिहावे आणि ती मुलांपासून व चुलीपासून दूर ठेवावी. थोडेसेच असेल तर राखेत किंवा लाकडाच्या भुशात जिरवून, पुडके बांधून कचरागाडीत द्यावे. झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. मातीची छिद्रे बुजून मुळांना हवा मिळत नाही. विहिरीत, नाल्यात तर मुळीच नाही. काही भगिनी त्याचा साबण करतात. तो होतो, परंतु कॉस्टिक सोडा हातडोळे जाळणारा असल्याने जाणकाराजवळ शिकल्यावाचून त्या वाटेस जाऊ नये.

भरलेल्या बाटलीचे काय करावे? अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली वापरलेले तेल गोळा करून त्यापासून जैवडिझेल करविण्याचा "रुको" नावाचा उपक्रम आरंभला. अशा नोंदणीकृत संग्राहकासच तेल द्यावे व त्याची पावती मागावी. दारावर येऊन दोन पैसे जास्त देणाऱ्यास देऊ नये. ते काळे तेल गाळून पुन्हा एखाद्या भज्यांच्या कढईत जाण्याचा धोका असतो, आणि ती भजी शाळेतून येणारे आपलेच मूल खाते. हा धोका ओळखूनच प्राधिकरणाने त्याच वर्षी १ जुलैपासून धंद्याच्या तळणीतील तेलाला मर्यादा घातली: तेल बिघडल्याने त्यात तयार होणारी ध्रुवीय संयुगे शेकडा २५ हून अधिक झाली की ते वापरू नये.

या तेलावर यंत्र चालते, ही नवलाची गोष्ट नव्हे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेलचे एंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले होते. आपल्या घाण्यातून निघणाऱ्या तेलाची ही योग्यता आपण मोरीत ओतीत आलो.

शेवटी एक सूचना मांडून आमचे भाषण आवरते घेतो. एका घरचे तेल थोडे असते; त्यासाठी संग्राहक येणार नाही. म्हणून मंडळाने दिवाळीनंतरचे पंधरा दिवस आपल्या कार्यालयात एक घट्ट झाकणाचा डबा ठेवावा. प्रत्येक सभासद कुटुंबाने आपली बाटली त्यात आणून रिकामी करावी. येणारी रक्कम लहानच असेल. ती विद्यार्थी सहाय्यक निधीत जमा व्हावी. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. ठराव होईल तेव्हा होवो. आमच्या घरची बाटली तयार आहे.

माप निथळू देणाऱ्यांचे आपण वंशज आहोत. शेवटच्या थेंबाचा हिशेब ठेवणे आपणांस जड जाऊ नये.