बाहुली गेली, आता बाईनं जायचं

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या मैत्रिणींना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांनी हा जरूर वाचावा.)



मला कात्रजच्या सहलीविषयी बोलायला सांगितलंय. पण मी अहवाल वाचणार नाही. किती जणी गेल्या, वर्गणी किती जमली, खर्च किती झाला, ते सगळं रजिस्टरला आहे, कुणीही कधीही बघावं. मी बोलणार आहे ज्या गेल्या नाहीत त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या जागी ज्या गेल्या त्या नऊ बाहुल्यांविषयी.

हसताय ना? हसा. पहिल्यांदा मीपण हसले होते.

पण आधी माझी चूक सांगते. गेल्या वर्षी आपण जेजुरी-मोरगावची सहल काढली. तीन गटांतून ३१ जणींनी नावं दिली. त्या दिवशी सकाळी गाडीत मोजल्या तर १९. मी घरी येऊन रजिस्टर उघडलं, बाकीच्या बारा जणींच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं आणि खाली शेरा मारला, 'काही सदस्यांनी उत्साह दाखवला नाही.' महिन्याच्या बैठकीत तो शेरा वाचून झाला. बैठक उठल्यावर एक मावशी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "पोरी, उत्साह न्हवता आसं तुला कुणी सांगितलं? मी रात्रीच दशम्या करून फडक्यात बांधून ठेवल्या व्हत्या. पहाटं सासूबाई मोरीत पडल्या. दशम्या आम्ही दोघींनी घरीच खाल्ल्या."

मला काय बोलावं कळेना. मग मी बाराही घरी जाऊन आले. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस. कुणाची म्हैस त्याच दिवशी विणारी. कुणाला घरातून 'नको' सांगितलेलं. कुणाचा रोज बुडत होता. एक ताई सातव्या महिन्यात होत्या. 'मला यायचंच नव्हतं' असं बारांतल्या एकीनंही सांगितलं नाही. तो शेरा मी नंतर खोडला, आणि शेजारी माझी सही केली.

आता बाहुल्यांकडे येते.

जपानमध्ये टोकियो शहर आहे. तिथं उनागी ट्रॅव्हल नावाची एक प्रवासी कंपनी आहे. सोनोए अझुमा नावाच्या बाईंनी ती २०१० साली सुरू केली. या कंपनीच्या सहलीला माणसं जात नाहीत, कापडी खेळणी जातात. लोक आपलं अस्वल, आपला ससा टपालानं त्यांच्याकडे पाठवतात. त्या बाई सगळ्यांना घेऊन फिरायला निघतात, देवळापुढे, बाजारात, जेवणाच्या टेबलापाशी त्यांचे फोटो काढतात आणि मालकाला पाठवतात. सहल संपली की खेळणं टपालानं घरी परत. याचे लोक पैसे मोजतात! मला वाटलं, हे श्रीमंतांचे चोचले. मग पुढे वाचलं, की खेळणी पाठवणाऱ्यांत आजारी माणसं असतात, चाकाच्या खुर्चीवरची असतात, घराबाहेर पडणं ज्यांना जमत नाही अशी असतात. आपलं खेळणं फिरून आलं की त्यांना वाटतं, माझं काहीतरी तिथं जाऊन आलं.

मला एकदम त्या दशम्या आठवल्या.

म्हणून या वर्षी आपण असं ठरवलं. त्याच ३१ जणींना आधीच विचारलं. २२ जणींना जमणार होतं, ९ जणींना नव्हतं. त्या नऊ जणींना सांगितलं, तुमच्या हातानं एक खेळणं करून द्या, ते तुमच्या वतीनं कात्रजला जाईल. विकत काही आणायचं नाही. गोधडीच्या चिंध्या, फाटक्या उशीतला कापूस, डोळ्यांना ब्लाउजची बटणं.

काय काय आलं म्हणून सांगू! इरकल लुगड्याच्या काठाची कोंबडी आली. सोंड एका बाजूला पडलेला हत्ती आला. शेळी आली, तिला आमच्यातल्या सगळ्या जणी कुत्रं म्हणत होत्या. आणि एका ताईंनी नुसती बाई केली होती. हिरव्या दोऱ्याच्या बांगड्या, कपाळाला लाल टाका. मी विचारलं, "हे कोणतं जनावर?" त्या म्हणाल्या, "मीच हाय ती."

या ताई मजुरीला जातात. त्यांचं पुढे सांगते.

सहल आधी बुधवारी ठरली होती. बरं झालं एकीच्या भाच्यानं सांगितलं, की कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. मग मंगळवार धरला. भात झोडून झालेलं, जानेवारीचे दिवस. भोरहून स्वारगेटची एसटी कात्रजवरूनच जाते. एसटीत पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट प्रवास आहे आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. हे आपल्याला ठाऊक आहे, पण त्याचा फायदा बहुतेक वेळा माहेरी आणि दवाखान्यात जायलाच होतो. फिरायला जायलाही तेच तिकीट चालतं, हे त्या दिवशी सगळ्यांच्या ध्यानात आलं.

या बागेचं नाव राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. पुणे महापालिका ते चालवते. पूर्वी पुण्यात पेशवे पार्कमध्ये प्राणी असायचे. तुमच्यातल्या कुणी कुणी लहानपणी ते बघितलंही असेल. १९९९ साली कात्रजची ही बाग सुरू झाली आणि ते प्राणी हळूहळू इकडे हलवले. तळं धरून जवळजवळ १३० एकर जागा आहे, तेव्हा चालायची तयारी ठेवावी लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी आत बॅटरीवरची गाडी मिळते.

बाहुल्यांचा एक नियम आम्ही केला होता. प्रत्येक बाहुलीला नाडी बांधायची आणि नाडीचं दुसरं टोक आपल्या मनगटाला. कारण पिंजऱ्यात कापड किंवा प्लास्टिक पडलं आणि जनावरानं ते गिळलं, तर त्याचा जीव जाऊ शकतो. आपल्या गाई-म्हशी पिशव्या खाऊन मरतात, ते आपण बघतोच. काचेवर टकटक करायची नाही, ओरडायचं नाही, खायला टाकायचं नाही. फोटो लांबूनच.

सुरुवातीला सगळ्या लाजत होत्या. बाहुली पदराखाली, पिशवीत. कॉलेजची पोरं मागून हसली. तशा एक काकू मागं वळल्या आणि म्हणाल्या, "हिची मालकीण घरी हाय बाबा. तिला वाघ दाखवायचाय. तूच काढ की फोटो." त्या पोरानं खरंच काढला, आणि आमच्या सगळ्या फोटोंत तोच चांगला आला. त्यानंतर कुणी बाहुली लपवली नाही.

पांढरा वाघ बघितला, गवे बघितले. हत्तीपाशी बराच वेळ उभ्या राहिलो. हत्तींच्या कळपाची पुढारी थोरली हत्तीण असते, हे सांगितल्यावर आपल्या अध्यक्षताईंकडे बघून सगळ्या का हसल्या, ते त्यांनाच विचारा. अस्वलाची मादी पिलांना पाठीवर घेऊन हिंडते, हे ऐकून एक जण म्हणाली, "मग ती कामाला गेली तर पिलं कुणाकडं ठिवायची, ही भानगडच न्हाई."

पण सगळ्यात जास्त वेळ आम्ही सर्पोद्यानात होतो. आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य विषारी साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मण्यार रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, म्हणून शक्यतो खाटेवर झोपायचं किंवा मच्छरदाणी नीट खोचायची. घोणस अंगानं जाड, पाठीवर साखळीसारखे ठिपके. पुष्कळ लोक तिला अजगराचं पिलू समजतात आणि तिथंच फसतात. इरकलीच्या कोंबडीचा फोटो आम्ही घोणशीपाशी काढला.

ही कोंबडी दशम्यांच्या मावशींची. संध्याकाळी मी ती परत द्यायला गेले आणि फोटो दाखवले. सासूबाई खाटेवरून मान वर करून बघत होत्या. घोणशीचा फोटो आला तशा म्हणाल्या, "थांब, थांब. ही तर आपल्या गोठ्यात आलेली. अजगर म्हणून तुमच्या मामांनी काठीनं उचलून टाकलं न्हवतं का?" घरात सगळे गप्प झाले. मग मी सांगितलं, साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा. एक बाहुली सहलीला गेली आणि एवढं घेऊन आली. ती कोंबडी आता सासूबाईंच्या उशाशी असते.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. मलाही वाटलं. मी मनात अहवाल लिहायलाही लागले होते, 'अभिनव उपक्रम यशस्वी.'

मग मी 'मीच हाय ती' म्हणणाऱ्या ताईंकडे गेले. त्या कामावरून नुकत्याच आलेल्या, पाय धूत होत्या. मी एकेक फोटो दाखवला. बाहुली एसटीच्या खिडकीत, बाहुली वाघापुढे, बाहुली सगळ्यांबरोबर भेळ खाताना. त्यांनी सगळे बघितले. मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बरं वाटलं न्हाई बघ मला. राग आला. तिचा रोज बुडत न्हाई, तिला तिकीट लागत न्हाई, तिची चूल कुणाला पेटवावी लागत न्हाई. म्हणून ती गेली. मी बाहुली आसते तर मीबी गेले आसते."

तायांनो, मी इतक्या बैठका घेतल्या, पण एवढं खरं वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं.

आपण एसटीत जागा कशी धरतो? खिडकीतून रुमाल टाकतो. रुमाल म्हणजे काय, की ही जागा माझी आहे, मी चढतेय, थांबा. पण रुमाल टाकणारी बाई चढलीच नाही आणि गाडी सुटली, तर तो रुमाल काय कामाचा? आपल्या नऊ बाहुल्या म्हणजे नऊ रुमाल आहेत. त्यांनी जागा धरलीय. आता त्या नऊ जणींना गाडीत चढवायचं काम आपलं.

म्हणून चार गोष्टी मी तुमच्यापुढे मांडते. पटल्या तर आज ठराव करा, नाही पटल्या तर तोंडावर सांगा.

पहिली गोष्ट सावडीची. लावणीला आपण सावड करतो. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मग घरची सावड का नाही? जी या वेळी जाऊन आली, तिनं पुढच्या वेळी राहिलेलीच्या घरी एक दिवस द्यायचा. म्हातारं माणूस, लेकरं, धार, सगळं बघायचं. २२ जणी जाऊन आल्यात आणि ९ जणी राहिल्यात. हिशोब सोपा आहे.

दुसरी, सहल एक मोठी नको, दोन लहान काढू. एका घरच्या जावा-जावा, सासू-सुना एकाच दिवशी बाहेर पडू शकत नाहीत. एका सूनबाईंना घरातून परवानगी नव्हती. त्यांच्या बाहुलीचे फोटो सासूबाईंनीच चार घरी दाखवले, आणि आता सासूबाईच म्हणतात मला जायचंय! चांगलंय, पण मग सूनबाई पुन्हा घरीच. दोन दिवस असले तर दोघी जातील. आणि विचारायला मी जाणार नाही, तुमच्यातल्या दोन थोरल्या जणी जातील. माझ्या शब्दापेक्षा तुमच्या शब्दाला वजन आहे.

तिसरी, बुडालेल्या रोजाची. ज्यांचं पोट रोजावर आहे, त्यांचा एक दिवसाचा रोज कसा भरायचा? मला दोन वाटा दिसतात. गटाच्या दंडाच्या पैशातून थोडी रक्कम वेगळी काढायची, किंवा सगळ्यांनी महिन्याला दहा-दहा रुपये बाजूला टाकायचे. कोणती वाट धरायची ते तुम्ही ठरवा. पण ही मदत म्हणून द्यायची नाही, नियम म्हणून द्यायची. कुणाला मान खाली घालावी लागू नये.

चौथी माझ्यासाठी. यापुढे माझ्या रजिस्टरला 'गैरहजर' हा शब्द एकटा असणार नाही. त्याच्या शेजारी एक रकाना असेल, 'का येता आलं नाही?' तो मी त्या बाईला विचारून भरेन, माझ्या मनानं नाही.

कुणी म्हणेल, कर्जाचे हप्ते, बँकेची फाईल, एवढी कामं पडलीत आणि ही पोरगी सहलीचं काय घेऊन बसलीय. पण बघा, जी बाई वर्षातला एक दिवस स्वतःसाठी घराबाहेर काढू शकत नाही, ती बँकेत, ग्रामसभेत कोणत्या दिवशी येणार? अडचणी त्याच आहेत. सहलीच्या निमित्तानं सोडवल्या तर बाकीच्या ठिकाणीही सुटतील.

त्या ताईंची बाहुली अजून माझ्याकडे आहे. मी परत देत होते तर त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. मी येईन तवा गाडीत दे."

मी ती पिशवीतच ठेवलीय. ठराव कधी करायचा ते सांगा.