बाळाचे जागेपण



चिंचपाड्याच्या या सभेच्या पत्रिकेत आजचा विषय ‘बाळाच्या झोपेची शिस्त व पहिल्या वर्षातील वाढीचे टप्पे’ असा छापलेला आहे आणि त्यातील पूर्वार्धासाठीच आपणांपैकी बहुतेक जण आलेले आहेत, हे समोर मांडीवर मुले घेऊन बसलेल्या मातांच्या जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांवरून मला स्पष्ट दिसते. तथापि बाळ किती झोपते याची चौकशी करण्यापूर्वी ते जागे असताना त्याच्या वाट्याला काय येते याची चौकशी झाली पाहिजे, असे माझे अनेक वर्षांचे ठाम मत आहे, आणि आजची वेळ मी त्याच मताच्या समर्थनार्थ घेणार आहे.

झोपेविषयी जे आरोग्यसेवेच्या आशाताईंनी आपल्या उंबऱ्यावर येऊन सांगितलेले आहे, ते मी पुन्हा विस्ताराने सांगत नाही. नवजात बाळ दिवसरात्र मिळून 14 ते 17 तास झोपते, चार महिन्यांपुढे 12 ते 16. रात्र आणि दिवस यांतील भेद त्याच्या शरीरास तिसऱ्या महिन्याच्या सुमारास उमजू लागतो. पोट लहान असल्याने रात्री दूध मागणे हा त्याचा हक्क आहे. आणि त्याला सपाट अंथरुणावर उताणेच निजवावे. अमेरिकेतील डॉक्टर रिचर्ड फर्बर यांनी 1985 साली ग्रंथ लिहून जी पद्धत प्रसिद्ध केली, तीत बाळाला जागेपणीच बिछान्यात ठेवून, ते रडल्यास वाढत्या अंतराने जाऊन त्याची समजूत घालावी असे सांगितले आहे. त्या पद्धतीची निंदा मी करीत नाही. परंतु ती अशा घरासाठी रचलेली आहे, की जिथे बाळाला निराळी खोली असते. एका खोलीत तीन पिढ्या निजतात, तिथे तिची अंमलबजावणी कोणी आणि कशी करावी?

मुलाला झोपवण्याची निकड खरोखर कोणाची असते, हे पाहावयाचे असेल तर मुंबईच्या गिरण्यांकडे वळले पाहिजे. तिथे कामावर जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना ‘बाळगोळी’ देत. तिच्यात अफू असे. गोळी दिली की मूल आई परत येईपर्यंत निपचित पडून राही, आणि ही गोष्ट इतकी सर्रास होती की 1931 साली ज्या शाही मजूर आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच्या दफ्तरीही तिची नोंद झाली. त्या मातांना दोष देणारे पुष्कळ निघाले. मी त्यांच्यापैकी नाही. मूल कोणाच्या हवाली करावे, याची तजवीज जिथे कोणीच केलेली नव्हती, तिथे आईने दुसरे काय करावे? स्वातंत्र्यानंतर 1948च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची सक्ती केली, आणि पुढे तीसपेक्षा अधिक स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यास ती लागू झाली. परंतु हा कायदा कारखान्याच्या आवारापुरता होता. उसाच्या फडात तो कधी आला नाही.

आणि फड म्हटला की आपणां सर्वांस बारडोली आठवते. दिवाळी उरकली की या तालुक्यातील कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी गुजरातेत उतरतात. आई पहाटेच्या काळोखात ऊस तोडावयास लागते आणि बाळ बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी करून तीत ठेवलेले असते. मूल जागे होते, हातपाय झाडते, परंतु त्या कापडात त्याला ना कूस वळता येते, ना पालथे पडून मान उचलता येते. डोळ्यांपुढे दिसते ते लुगड्याचे सूत, आणि जाग्या मुलाशी बोलावयास कोणी नाही. रडू लागले की झोका, झोका दिला की झोप. मूल ‘गुणी’ ठरते, आणि नऊ महिने उलटले तरी बसत नाही.

(सभागृहातून एका वृद्ध गृहस्थांनी, “आम्ही सारेच झोळीत वाढलो, आमचे काय अडले?” असे विचारले. हशा.)

दादा, आपला प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तर दिल्यावाचून मी पुढे जाणार नाही. आपण झोळीत निजलात हे खरे, परंतु डोळे उघडताच आपल्याला तीतून काढून घेणारी आजी अंगणात बसलेली होती. तिने आपल्याला गोधडीवर पालथे टाकले, आपल्याशी मावची बोलीत बडबड केली, वाटी वाजवून दाखवली. फडावर झोळी गेली, आजी गावीच राहिली. माझी तक्रार झोळीविरुद्ध नसून त्या रिकाम्या जागेविरुद्ध आहे, आणि ती मी सौम्य करणार नाही.

टप्प्यांविषयी आता धावतेच बोलावे लागते, कारण अध्यक्षांची चिठ्ठी आलेली आहे. येथून फार लांब नसलेल्या बडोद्यास, महाराजा सयाजीराव विद्यापीठात, प्रमिला फाटक यांनी आपल्याच देशातील अर्भके पाहून विकासाची मोजणी बसवली; तिच्या सुधारलेल्या स्वरूपात हालचालींच्या 67 आणि बुद्धीच्या 163 बाबी आहेत. पुढे 2006 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांवरून असे दाखवले, की निरोगी मूल आधाराविना बसते ते 3.8 ते 9.2 महिन्यांच्या दरम्यान आणि एकटे चालते ते 8.2 ते 17.6 महिन्यांच्या दरम्यान. काही मुले तर रांगल्यावाचूनच चालू लागतात. तेव्हा शेजारणीचे मूल चालले आणि आपले चालले नाही, एवढ्यावरून कोणी रडू नये. मूल दिवस भरण्यापूर्वी जन्मले असेल, तर जितके आठवडे ते आधी आले तितके वयातून वजा करूनच टप्पे मोजावे. मात्र दोन महिने उलटूनही आईकडे पाहून हसत नाही, चार महिने पुरे होऊनही मान धरीत नाही, नऊ महिने झाले तरी बसत नाही, हाकेकडे वळत नाही, अशा मुलाच्या बाबतीत ‘होईल उशिरा’ म्हणून मुदत वाढवू नका. अंगणवाडीत तपासणीचे पथक येते, आणि या गावात तर 1942 पासून ख्रिस्ती रुग्णालय आहे.

राहिले ते हे. येत्या दसऱ्याला उचल घेताना प्रत्येक टोळीने मुकादमापुढे एक अट घालावी: टोळीतील एका वडीलधाऱ्या बाईला पुरी मजुरी देऊन मुलांपाशी बसवावे, आणि एक पाल केवळ मुलांसाठी उभारून त्यात गोधड्या पसराव्यात. या अटीचा मसुदा मी लिहून आणलेला आहे. ज्यांना तो हवा असेल त्यांनी, आणि ज्यांचे मूल नऊ महिन्यांपुढचे असून अद्याप बसत नाही अशा मातांनी, सभा संपल्यावर मला व्यासपीठाच्या डाव्या बाजूस भेटावे. शेवटची गाडी जाईपर्यंत मी तेथेच बसणार आहे.