जुन्या संगणकाचा वेग व त्याची मर्यादा



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटेल. जुन्या संगणकातील प्रोसेसर बदलून, किंवा आहे त्याच प्रोसेसरला अधिक वेगाने चालावयास लावून, त्या संगणकाचे आयुष्य वाढविता येते काय, असा तो विषय आहे. मी अभियंता नाही. संगणकविषयक मजकुराचे भाषांतर करीत असताना या प्रश्नाशी माझा परिचय झाला. परंतु ज्या ग्रंथालयात, शाळेत अथवा घरात दहाबारा वर्षांपूर्वीचा संगणक अजून चालू आहे, तेथे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला उत्पादकांकडून मिळणारे नेहमीचे साहाय्य संपले आणि असे असंख्य संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. त्यांचे काय करावयाचे हे ठरविण्यापूर्वी यंत्राचा वेग म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे इष्ट होईल.

प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर कोरलेल्या असंख्य सूक्ष्म विद्युत् कळांचा समूह होय. या कळा एका ठरावीक ठोक्यावर उघडतात आणि मिटतात. हा ठोका देणाऱ्या घटकाला इंग्रजीत 'क्लॉक' म्हणतात. भाषांतर करताना मी प्रथम 'घड्याळ' असे लिहिले आणि मग तो शब्द खोडला; कारण हे घड्याळ वेळ सांगत नाही, ते केवळ ठोका देते. बैठकीत तबलजी लय धरतो आणि गायक त्या लयीत तान पुरी करून समेवर येतो, तशातलाच हा प्रकार आहे. प्रत्येक ठोक्याच्या आत विद्युत् संकेताने आपला मार्ग आक्रमून स्थिर झाले पाहिजे. सेकंदाला ३० कोटी ठोके पडत असतील तर वारंवारता ३०० मेगाहर्ट्झ झाली, आणि एका ठोक्याचा अवधी सुमारे ३.३ अब्जांश सेकंद झाला. लय वाढविली की हा अवधी आक्रसतो. तेवढ्यात संकेत पोहोचला तर यंत्र अधिक काम करते. न पोहोचला तर चुकीचे उत्तर पुढे जाते. नेमून दिलेल्या वारंवारतेपेक्षा जलद ठोके पाडणे यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

ही कल्पना वैयक्तिक संगणकाइतकीच जुनी म्हणता येईल. १९८४ साली आयबीएम कंपनीने आपला 'एटी' हा संगणक बाजारात आणला. त्यात १२ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक बसविलेला होता आणि त्याच्या निम्म्या, म्हणजे ६ मेगाहर्ट्झ वेगाने प्रोसेसर चालत असे. काही चतुर ग्राहकांनी तो स्फटिक काढून तेथे १६ मेगाहर्ट्झचा बसविला. यंत्र ८ मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चालू लागले. पुढे कंपनीने यंत्राच्या मूळ आज्ञावलीतच वेगाची तपासणी घातली आणि ठरल्याहून अधिक वेग आढळल्यास यंत्र सुरूच होऊ नये अशी तजवीज केली. यंत्र विकत घेणाऱ्याचे, पण त्याच्या वेगावर अधिकार कोणाचा, हा वाद येथून सुरू झाला.

प्रोसेसरवर छापलेला वेग कसा ठरतो, हे येथे सांगितले पाहिजे. एकाच चकतीतून निघालेले तुकडे तंतोतंत सारखे नसतात. कारखान्यात प्रत्येकाची परीक्षा होते आणि त्याच्या कुवतीनुसार त्याला श्रेणी दिली जाते. परंतु श्रेणी ठरविणारे दोन असतात: एक परीक्षक आणि दुसरा बाजार. उत्पादनपद्धती सुधारली म्हणजे बहुतेक तुकडे वरच्या श्रेणीला पात्र ठरू लागतात. मागणी मात्र स्वस्त मालालाच अधिक असते. अशा वेळी वरच्या कुवतीच्या तुकड्यावरही खालचा आकडा छापून तो विकला जातो. यास्तव तो आकडा म्हणजे निसर्गाने घातलेली मर्यादा नव्हे. 'एवढ्या वेगाने, एवढ्या उष्णतेत, इतकी वर्षे हे यंत्र बिनचूक चालेल' असे ते उत्पादकाचे वचन होय. वचन आणि प्रत्यक्ष कुवत यांच्यामध्ये काही जागा शिल्लक राहते. ओव्हरक्लॉकिंग करणारा त्या जागेत शिरत असतो.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ऑगस्ट १९९८ मधील आहे. त्या महिन्यात इंटेल कंपनीने दोन प्रोसेसर बाजारात आणले. पेंटियम-२ या मालिकेतील ४५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर घाऊक खरेदीत ६६९ डॉलरला, तर सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर १४९ डॉलरला मिळत असे. दोहोंचा गुणक एकच, ४.५ होता. मुख्य फलकावरील मार्गिकेचा वेग या गुणकाने गुणला असता प्रोसेसरचा वेग मिळतो. पेंटियमसाठी ती मार्गिका १०० मेगाहर्ट्झवर चाले, सेलेरॉनसाठी ६६ वर. गुणक बदलता येत नव्हता; पण मार्गिकेचा वेग बदलता येत होता. तो १०० केला की स्वस्त सेलेरॉन आपोआप ४५० मेगाहर्ट्झवर जाई. सगळेच नव्हे, पण फार मोठ्या संख्येने हे प्रोसेसर त्या वेगाने चालले. ज्यांच्या फलकावर अशी सोय नव्हती, त्यांनी प्रोसेसरच्या कडेवरील 'बी-२१' या संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. फलकाची समजूत झाली की आपण महागड्या प्रोसेसरशीच बोलत आहोत.

यात नशिबाचा भाग होता, तसाच रचनेचाही होता. पेंटियम-२ मधील ५१२ किलोबाइटांची निकटस्मृती वेगळ्या तुकड्यांवर होती आणि ती निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉनमधील स्मृती अवघी १२८ किलोबाइटांची; परंतु ती प्रोसेसरच्याच तुकड्यावर असून पूर्ण वेगाने चालत असे. त्यामुळे नित्याच्या पुष्कळ कामांत हा धाकटा भाऊ थोरल्याच्या बरोबरीने धावला. आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. संगणकातील इतर उपकरणांची पीसीआय मार्गिका ३३ मेगाहर्ट्झवर चालावी लागते. मुख्य मार्गिका १०० वर असता तिचा तिसरा हिस्सा घेतला की ३३ मिळतात. परंतु जे ८३ मेगाहर्ट्झवर थांबले, त्यांच्या यंत्रात निम्मा हिस्सा घेतला जाऊन उपकरणे ४१ च्या वर गेली, आणि काहींच्या हार्ड डिस्कवरील मजकूर बिघडला. अधिक वेगाचा मार्ग निर्धोक आणि कमी वेगाचा धोक्याचा, असा हा चमत्कारिक न्याय होता. नुसते धाडस येथे पुरत नाही. यंत्राची एकूण जुळणी समजावी लागते.

या विद्येला एक काळी बाजूही होती. त्या दशकात काही अप्रामाणिक व्यापारी प्रोसेसरवरील आकडा खरवडून त्या जागी मोठा आकडा छापीत आणि माल चढ्या किमतीला विकीत. गुणकाला कुलूप घालण्यामागे ही फसवणूक थांबविण्याचा हेतू होता. अर्थात कंपनीच्या महागड्या मालाचे रक्षणही त्यातून झाले. २०११ साली आलेल्या २५००के व २६००के या प्रोसेसरांत हे कुलूप उघडे ठेवून त्यांची किंमत थोडी अधिक ठेवण्यात आली. म्हणजे जी जागा ग्राहक चोरवाटेने वापरीत होता, तीच आता विक्रीची वस्तू झाली.

आता या वेगाची किंमत पाहू. प्रोसेसरला लागणारी वीज वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. विद्युत् दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट केला आणि तो स्थिर राहावा म्हणून दाब २.० वरून २.२ व्होल्ट केला, तर विजेचा खर्च सुमारे १.८ पट होतो. ही सारी वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. तापलेल्या कळा मंद होतात, आणि ज्या अवधीत संकेत कसाबसा पोहोचत होता त्यात तो पोहोचेनासा होतो. थंड हवामानाच्या देशात यशस्वी झालेला प्रयोग आपल्याकडे वैशाखात फसतो, त्याचे कारण हेच.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. घरातील जुन्या संगणकाचा वेग मी हिवाळ्यात वाढविला. चार महिने काही तक्रार नव्हती. मे महिन्यातील एका दुपारी, खोलीतील पारा चाळिशीवर असताना, एका भाषांतराची तीन प्रकरणे असलेली फाइल उघडेना. यंत्र बंद पडले नव्हते, त्याने कसलाही इशारा दिला नव्हता. आदल्या आठवड्यात केव्हातरी त्याने ती चुकीची लिहून ठेवली होती, आणि मी तिचीच प्रत काढून चांगली प्रत पुसली होती. संगणक बंद पडला तर निदान कळते. चुकीचे लिहून चालू राहिला तर कळत नाही. १९९४ साली पेंटियममधील भागाकाराचा दोष उघडकीस आला, तो टॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांची गणिते करीत होते म्हणून. तोवर तो प्रोसेसर वापरणाऱ्या इतरांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून वेग वाढविल्यावर, ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते यंत्राकडून दिवसभर करवून ती पडताळून पाहावीत, आणि तीही उन्हाळ्यात, असा सल्ला मी आज देईन.

नव्या प्रोसेसरांत ही मोकळी जागा फारशी उरलेली नाही. २००४ च्या सुमारास उष्णतेमुळे वारंवारतेची शर्यत मंदावली. इंटेलने 'तेहास' या नावाने चाललेली आपली योजना त्याच वर्षी रद्द केली आणि एकाच तुकड्यावर अनेक गाभे बसविण्याचा मार्ग धरला. २००८ पासून 'टर्बो बूस्ट' या सोयीने प्रोसेसर स्वतःच आपले तापमान पाहून वेग वाढवितो व घटवितो. आपण जे हाताने करीत होतो, ते यंत्र आता स्वतः करते.

मग प्रोसेसर बदलावा काय? बदलता येतो, परंतु तो ज्या सॉकेटमध्ये बसतो, तो जुळला म्हणजे सारे जुळले असे नव्हे. २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरला आधीच्या पिढीप्रमाणेच ११५१ संपर्कबिंदू होते, तरीही तो आधीच्या फलकांवर चालत नसे. फलकाची आज्ञावली, वीजपुरवठा आणि पंखा हेही पाहावे लागतात. शिवाय गाभ्यांची संख्या वाढली म्हणजे वेग वाढलाच असेही नाही. २.९३ गिगाहर्ट्झच्या दोन गाभ्यांच्या कोअर-२ ड्युओ ई-७५०० ऐवजी २.४ गिगाहर्ट्झचा चार गाभ्यांचा क्यू-६६०० बसविला, तर एकाच गाभ्यावर चालणारे काम उलट मंदावेल, आणि विजेची गरज ६५ वॅटवरून १०० च्या आसपास जाईल.

ग्रंथालयातील संगणक मंद वाटतो, तो बहुधा प्रोसेसरमुळे नव्हेच. फिरत्या हार्ड डिस्कला एखादी नोंद शोधावयास दहाबारा सहस्रांश सेकंद लागतात. फिरता भाग नसलेल्या एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका वेळ लागतो. म्हणून जुन्या यंत्रावर पैसे खर्च करावयाचेच असतील तर प्रथम एसएसडी, मग स्मृती, आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर, असा क्रम ठेवावा. विंडोज ११ साठी साधारणतः आठव्या पिढीचा अथवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तो जुन्या फलकावर बसत नाही, आणि वेग वाढवूनही ती अट पुरी होत नाही. तेथे लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घालून सूची पाहण्याचे व लेखनाचे काम त्याच यंत्राकडून आणखी काही वर्षे घेता येईल.

सारांश, छापलेला आकडा हे उत्पादकाचे वचन आहे. ते ओलांडण्यास ग्राहकाला मज्जाव असू नये, असे माझे मत आहे. यंत्र त्याचे आहे आणि शिकण्याचा तो उत्तम मार्गही आहे. मात्र ते ओलांडले की उत्पादकाची जबाबदारी संपते आणि आपली सुरू होते. खेळावयाच्या यंत्रावर ती खुशाल घ्यावी. ज्या यंत्रावर वाचकांच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे गुण किंवा कोणाचे वर्षभराचे लेखन आहे, तेथे ती घेण्याचा अधिकार एकट्या आपला नसतो. तेथे यंत्राला त्याच्या नेमल्या लयीतच चालू द्यावे आणि दर आठवड्याला मजकुराची एक प्रत वेगळी काढून ठेवावी.