तळ्यातल्या सात जणी
जॉन विल्यम वॉटरहाउस या इंग्रज चित्रकाराने १८९६ मध्ये ‘हायलस अँड द निम्फ्स’ हे चित्र रंगवले. ग्रीक कथेतला तरुण हायलस पाणी भरायला तळ्याशी वाकला आहे. कुमुदिनीच्या पानांतून सात जलदेवता वर आल्या आहेत. एकीने त्याचा हात धरलाय, दुसरीच्या तळव्यावर मोती आहेत. चेहरे जवळजवळ सारखेच, जणू तळ्यानेच सात रूपे घेतली! आपल्या साती आसरा आठवतात ना? त्याही पाण्यातल्याच, माणसाला ओढून नेणाऱ्या. चित्रातल्या जलदेवतांच्या शांत नजरांत खोल पाण्याची भूल आणि भीती एकदमच दिसते. मला तीच या चित्राची ताकद वाटते. २०१८ मध्ये मँचेस्टरच्या कलादालनाने स्त्रीचित्रणावर चर्चा व्हावी म्हणून हे चित्र भिंतीवरून उतरवले. रसिकांनी जोरदार विरोध केला आणि आठवड्याभरात ते पुन्हा जागेवर आले.