थेंब ही ठरीव गोळी नाही

पाऊस किती झाला हे महाड-पोलादपूरच्या माणसाला आकड्यांत सांगावे लागत नाही. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्याच ते सांगतात. तरीही रोज सकाळी आपण मिलिमीटर विचारतो आणि तिथेच थांबतो. तोच आकडा थोड्या मोठ्या थेंबांनी भरतो, तसा असंख्य बारीक थेंबांनीही भरतो. ते थेंब आकाशात केवढे होते, कोणत्या आकाराचे होते, हे कळल्याशिवाय रडारला पाऊस नीट मोजता येत नाही. हा आकार वारा बदलतो आणि वीजही बदलते. थेंब ही ठरीव गोळी नाही, एवढेच आज मला पटवून द्यायचे आहे.

तांदळाच्या उकडीचा गोळा डोळ्यांसमोर आणा. लहान गोळा गोल राहतो, मोठा बसतो. एक मिलिमीटरपर्यंतचा थेंब पृष्ठताणामुळे जवळपास गोलच असतो. पाच मिलिमीटरच्या थेंबाला पडताना खालून हवेचा तळवा लागतो आणि तो भाकरीच्या वाटेला लागतो. चित्रातला शेंडी असलेला थेंब पावसात नसतोच. आता तोच गोळा दोन टोकांना धरून ओढा. विद्युत क्षेत्र हेच करते: पाण्यातले धन आणि ऋण प्रभार दोन टोकांना सरकतात आणि थेंब क्षेत्राच्या दिशेने लांबतो. क्षेत्र उभे असेल तर चपटेपणा कमी होतो, आडवे असेल तर वाढतो. ओढ फारच वाढली तर टोके निमुळती होऊन तिथून पाण्याची बारीक धार सुटते. एका बाबतीत मात्र पीठ कमी पडते. ओढलेले पीठ तसेच राहते. थेंब मागे फिरतो, पलीकडे जातो, पुन्हा परततो. लॉर्ड रॅले यांनी 1879 साली या हेलकाव्यांचे गणित मांडले. त्यानुसार दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे 120 वेळा हेलकावतो, पाच मिलिमीटरचा सुमारे 30 वेळा. पावसात उच्चदाबाच्या तारांवर लोंबणाऱ्या थेंबांचेही हेच होते. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, पण ओढ प्रत्येक अर्ध्या आवर्तनात लागते, म्हणून थेंबाला 100 हिसके बसतात. ते टोकदार होतात आणि तारांची तडतड वाढते.

यावर जाणकार म्हणतील की ढगातली वीज एवढी जोरकस नसते. खरे आहे. जी. आय. टेलर यांच्या 1964 च्या गणिताप्रमाणे दोन मिलिमीटरचा थेंब फाटायला सेंटीमीटरला सुमारे 13,000 व्होल्ट लागतात. गडगडाटी ढगात सहसा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी सापडतात. पण थेंब फाटलाच पाहिजे असे कुठे आहे? आकारात दोन-चार टक्के फरक पडला तरी पुरे, कारण आजचे दुहेरी ध्रुवीकरणाचे रडार थेंबाची रुंदी आणि उंची यांची तुलना करूनच पाऊस ओळखते. शिवाय दोन थेंब जवळ आले की मधल्या फटीत क्षेत्र कितीतरी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत उभ्या वातबोगद्यात, खालून येणाऱ्या हवेवर थेंब तरंगत ठेवून, कामरा आणि भालवणकर यांनी उभ्या व आडव्या क्षेत्रात तो कसा बदलतो ते तपासले. 2007 साली ते प्रसिद्ध झाले. हे काम आपल्यापासून फार लांबचे नाही.

दुसरा आक्षेप तुमचा असेल, आणि तो जास्त रास्त आहे. वीज कडाडते वळवात आणि परतीच्या पावसात. आपल्या तळिये गावावर दरड कोसळली ती 22 जुलै 2021 ला, ऐन मोसमात. मग विजेने बदलणाऱ्या थेंबाशी आपला काय संबंध? संबंध हाच की हे दोन पाऊस वेगळे आहेत. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की रडारकडे परतणारा प्रतिध्वनी 64 पट होतो. म्हणून वळवाच्या टपोऱ्या थेंबांवर बसवलेले सूत्र घाटातल्या बारीक, दाट पावसाला लावले तर पाऊस कमी भासतो. पुन्हा सांगतो: मिलिमीटर तेच, थेंब वेगळे. आंबेनळी घाट चढून गेले की महाबळेश्वरला पुण्याच्या याच संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा 2012 पासून आहे. घाटाखालच्या नोंदी मात्र आपणच ठेवायला हव्यात.

वेळ संपत आला. महाड-पोलादपूरच्या शिक्षकांना विनंती आहे: शाळेच्या पर्जन्यनोंदीत एक रकाना वाढवा, पाऊस गडगडाटासह झाला की मुकाट. आणि वीज नसेल त्या दिवशी परातीत बारीक पीठ पसरून ती दोन-तीन सेकंद पावसात धरा. थेंबांनी झालेल्या पिठाच्या गोळ्या वाळवून, चाळून, मोजून मुलांना दाखवा. गडगडाट ऐकू आला तर मात्र एकाही मुलाला अंगणात पाठवू नका.