सावित्रीच्या पाण्यातील समुद्र



महाड व पोलादपूर तालुक्यांतील शाळांत समुद्राचा पाठ सुरू झाला की मुलांच्या डोळ्यांसमोर श्रीवर्धनचा किंवा हरिहरेश्वरचा किनारा उभा राहतो. समुद्र ही पाहावयास जाण्याची वस्तू. आपल्याकडे आहेत ते डोंगर, नदी आणि भातखाचरे, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत स्वाभाविक असली तरी खरी नाही. सावित्रीच्या पात्रातून समुद्र दिवसातून दोनदा महाडच्या दिशेने चालून येतो आणि दोनदा माघारी जातो. एके काळी याच भरतीच्या पाण्यावर गलबते दासगावच्या बंदरास लागत आणि लहान होड्या महाडपर्यंत पोहोचत. बंदरांचा तो व्यापार संपला, परंतु भरतीचा शिरस्ता मोडलेला नाही.

सजीवांचे परस्परांशी, तसेच भोवतालच्या पाण्याशी, मातीशी व उजेडाशी जे नाते असते त्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रास परिस्थितिविज्ञान म्हणतात. समुद्राच्या परिस्थितिविज्ञानाचा आरंभ खोल दर्यात होतो असे वाटते. परंतु किनाऱ्यालगतच्या समुद्रापुरते पाहिले तर त्याचा एक पाय डोंगरात असतो. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळाशी ज्या पाच नद्यांची नावे जोडली जातात त्यांपैकी सावित्री ही पश्चिमेकडे उतरते. आंबेनळी घाटाच्या पायथ्याने ती पोलादपुरास येते, महाडजवळ गांधारी व काळ या नद्यांचे पाणी घेते, आणि दासगाव, आंबेत, म्हाप्रळ या गावांवरून जाऊन बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्रास मिळते. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी सरासरी 5,500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढे पाणी उतारावरून खाली येताना रिकाम्या हाताने येत नाही. माती, पालापाचोळा आणि माणसाने टाकलेले सर्व काही ते आपल्याबरोबर आणते.

नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जेथे मिसळते ते पाणी मचूळ होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. खारे पाणी जड असल्याने भरतीच्या वेळी ते पुष्कळदा तळाशी घुसते आणि गोडे पाणी त्याच्या अंगावरून वाहत राहते. पावसाळ्यात नदीचा लोंढा खारेपणास खाली रेटतो. चैत्र-वैशाखात प्रवाह क्षीण झाला की खारे पाणी वर सरकते. अशा सतत बदलणाऱ्या पाण्यात टिकून राहणे सोपे नाही. परंतु जे टिकतात त्यांना अन्न मुबलक मिळते. म्हणूनच खाडी ही कित्येक मासळीची बाळंतिणीची खोली आणि पाळणाघर झालेली आहे.

कोळंबीचे उदाहरण घ्यावे. समुद्रातील कोळंबी अंडी घालते ती बाहेर दर्यात. पिल्ले काही आठवडे लाटांवर तरंगतात आणि भरतीबरोबर खाडीत शिरतात; तेथील उथळ, गढूळ, सुरक्षित पाण्यात वाढतात आणि मोठी झाली की पुन्हा समुद्राकडे निघतात. नदीतील मोठ्या कोळंबीचा क्रम याच्या नेमका उलट आहे. ती गोड्या पाण्यात राहते, परंतु तिच्या पिल्लांना मचूळ पाणी लागते, म्हणून प्रजननासाठी तिला खाली उतरावे लागते. रायगड जिल्ह्यात ज्याचा मोठा मान आहे तो जिताडाही खाऱ्या व गोड्या पाण्यांत ये-जा करणारा मासा. तो प्रथम नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. तेव्हा सगळे मोठे जिताडे पकडले गेले तर अंडी घालणाऱ्या माद्याच उरत नाहीत, हा हिशेब चौथीच्या मुलासही समजेल.

या पाळणाघराच्या भिंती म्हणजे कांदळवन. तिवर, चिपी, कांदळ ही झाडे चिखलात उभी राहतात. त्या चिखलात हवा नसल्याने तिवर आपली मुळे खिळ्यांसारखी वर काढून श्वास घेते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखे लोंबते. या झाडांची पाने गळून कुजतात. ती बुरशी व सूक्ष्म जीव खातात, त्यांना चिंबोऱ्या, कोळंबी आणि बोयटाची पिल्ले खातात. ओल्या कातडीतून श्वास घेऊन चिखलावर उड्या मारणारी निवटी याच अन्नावर जगणाऱ्या कुटुंबातील आहे. कांदळवनाचे महत्त्व ओळखून मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली राज्यातील कांदळवनाच्या तोडीस मनाई केली आणि 2012 साली राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला.

आता प्रश्न असा की, या सर्वांशी पोलादपूरच्या डोंगरवाडीतील शाळेचा संबंध काय? संबंध थेट आहे. उतारावरील झाडे तुटली की पहिल्याच पावसात उघडी माती ओढ्यात येते. ती महाडजवळ पात्रात साचते आणि उरलेली खाडीत जाते. गढूळ पाण्यात उजेड खोलवर पोहोचत नाही. उजेडावाचून सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत. आणि त्या नसतील तर पुढची सारी अन्नसाखळी उपाशी राहते. गाळाचा थर तिसऱ्या व कालवे यांना गुदमरवितो. शिवाय गावोगावचे सांडपाणी, प्लास्टिक, वाळूचा उपसा, बारीक आसाची जाळी आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचे पाणी ही कारणे आहेतच. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र उभारलेले आहे. त्यातून बाहेर पडणारे पाणी कसे आहे हे मोजूनच ठरते. घाण कुजू लागली की ती पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. 20 अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो आणि खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. बहुतेक माशांना चार-पाच मिलिग्रॅम तरी लागतो. उन्हाळ्यात मासे मरून वर येण्याच्या घटनांमागे पुष्कळदा हेच गणित असते.

खाडीकाठच्या कोळी व भोई कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न पोटाचा आहे. मासळी कमी झाली असे वडील माणसे सांगतात. परंतु कधीपासून, किती आणि कोणत्या जातीची, याची नोंद कोणाजवळ नसेल तर त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि विसरले जाते. दोष गाळाचा की जाळ्यांचा, सांडपाण्याचा की वाळूच्या उपशाचा, हे तळमळीने ठरत नाही, मापाने ठरते.

समुद्राचे माप घेण्याची परंपरा आपल्या देशात चांगली रुजलेली आहे. सागरी मासळीच्या अभ्यासासाठी केंद्रीय संशोधन संस्था 1947 साली स्थापन झाली. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत अनेक राष्ट्रांची जहाजे उतरली होती. त्या मोहिमेनंतर 1966 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निर्माण झाली. तिचे मुख्य ठिकाण गोव्यास दोना पावला येथे आहे. तिचे संशोधक खाडीत जातात तेव्हा प्रारंभी काय मोजतात? पाण्याची उष्णता, खारेपणा, प्राणवायू, गढूळपणा, तळचे जीव. यांतील काही मापे शाळेच्या आवाक्यातील आहेत.

केवळ संशोधकांनीच मोजावे असेही नाही. सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटजवळ, नाना फडणविसांचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेले वेळास आहे. तेथील वाळूत समुद्रकासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसे व कुत्री नेत. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांसह त्यांच्या रक्षणाचे काम आरंभिले. घरटी शोधणे, अंडी मोजणे, ती कुंपणात ठेवणे, पिल्ले समुद्रात सोडणे आणि हे सर्व लिहून ठेवणे, अशी ती शिस्त आहे. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या एका मादी कासवाच्या पाठीवर संदेश पाठविणारे यंत्र बसवून तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. गावकऱ्यांच्या वहीपासून उपग्रहापर्यंतची ही वाट एका लहान खेड्यातून निघाली.

शाळेने करावयाचे काम याहून साधे आहे. प्रत्येक शाळेत ‘पाण्याची वही’ असावी. पोलादपूर तालुक्यातील शाळेने पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ओढ्याचे पाणी एकाच मापाच्या पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर स्थिर ठेवावे आणि सकाळी तळाशी बसलेल्या गाळाची जाडी पट्टीने मोजावी. महाडच्या बाजूच्या शाळेने पांढरी थाळी वजन बांधून दोरीने पाण्यात सोडावी आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते टिपावे. इटलीतील सेक्की नावाच्या शास्त्रज्ञाने 1865 साली ही युक्ती वापरली आणि संशोधक आजही ती वापरतात. सावित्रीत मगरी आहेत, तेव्हा मुलांना काठावर किंवा पाण्यात मुळीच उतरू देऊ नये. हे माप शिक्षकाने स्वतः धक्क्यावरून घ्यावे आणि पूर असता घेऊच नये. दोन्ही तालुक्यांतील शाळांनी महिन्यातून एकदा आपापल्या नोंदी एकमेकींस पाठवाव्यात. वरच्या बाटलीतील माती आणि खालच्या थाळीचे अदृश्य होणे यांची तारीख जुळली, की मुलांना नदी म्हणजे काय हे पुन्हा शिकवावे लागणार नाही.

भरतीची नोंदही याच वहीत असावी. कोकणातील जुना ठोकताळा असा की, तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ येते: चतुर्थीस सुमारे तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा; दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. हा हिशेब किनाऱ्याचा आहे. महाडपर्यंत भरती पोहोचण्यास अधिक वेळ लागतो. तो किती, हे मुलांनी शोधून काढावे. अपूर्णांकांच्या गुणाकारास याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. आणि हे ज्ञान केवळ वहीपुरते नाही. 22 जुलै 2021 रोजी महाड बुडाले तेव्हा गुरुपौर्णिमा तोंडावर होती. दिवस उधाणाकडे झुकलेले होते. डोंगरातून लोंढा येत असता खालून भरती चढत असेल, तर पाण्याचा निचरा मंदावतो. आज तिथी कोणती, भरती किती वाजता आणि पाऊस किती, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय ज्या घरातील मुलास आहे, ते घर सामान वेळेवर माळ्यावर चढवील आणि म्हाताऱ्या माणसांस वेळेवर उंचावर नेईल.

तिसरी नोंद बाजाराची. खाडीतून आलेली कोणती मासळी कोणत्या महिन्यात दिसली, एवढेच मुलांनी मासळी विकणाऱ्या बायांना विचारून लिहावे. त्या बायांचे ज्ञान पुस्तकात नाही, म्हणून विचारणाऱ्याने नम्रतेने विचारावे. एका वर्षाच्या अशा नोंदीने काहीच सिद्ध होणार नाही. पाच वर्षांच्या नोंदीने शंका घेता येईल. दहा वर्षांची अखंड वही ज्या शाळेजवळ असेल तिच्याकडे संशोधक स्वतः येतील आणि ग्रामसभेत खाडीचा प्रश्न निघाला असता ती वही टेबलावर ठेवता येईल. शिक्षकाची बदली होते, मुले पुढच्या इयत्तेत जातात. म्हणून कार्यभार सोपविताना हजेरीपटाबरोबर ही वहीही नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी, आणि तिच्या पहिल्या पानावर माप कसे, कोठे व कोणत्या वेळी घ्यावयाचे ते स्पष्ट अक्षरांत लिहून ठेवावे.