एक दिवस गप्प बसून काय कळतं?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, काय असते, ती कशी ओळखायची, निदान कधी होतं, हे काल डॉक्टरांनी याच व्यासपीठावरून सविस्तर सांगितलं. त्यात मी पुन्हा शिरत नाही. अपंगांच्या हक्कांच्या 2016च्या कायद्यात अपंगत्वाचे जे एकवीस प्रकार आहेत त्यांत स्वमग्नता आहे, हेही तुम्हाला ठाऊक आहे. पत्रिकेवर माझा विषय ‘स्वमग्नता आणि समाज’ असा छापलाय. मला त्यातलं एकच बोलायचंय. ज्यांच्या नावानं आपण पैसे गोळा करतो, त्यांचं चित्र त्यांना विचारल्याशिवाय रंगवायचा अधिकार आपल्याला नाही.

2010 सालची गोष्ट. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला स्वमग्न लहान मुलांसाठी काम करणारी ‘एईआयओयू’ नावाची संस्था आहे. तिच्या पुढाकारानं एक मोहीम निघाली, ‘कम्युनिकेशन शटडाउन’. 1 नोव्हेंबरला एक दिवस फेसबुक आणि ट्विटरपासून लांब राहायचं आणि देणगी द्यायची. स्वमग्न माणसाला संवाद किती जड जातो, हे त्यातून आपल्याला जाणवेल, अशी कल्पना. हेतू चांगला होता, पैसाही चांगल्या कामाला जाणार होता.

पण मोहिमेची बातमी स्वमग्न माणसांपर्यंत पोचली आणि त्यांना धक्काच बसला. कारण यांतल्या कितीतरी जणांना समोरासमोर बोलणं अवघड जातं, पण लिहिणं जमतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आवाजाचा गोंगाट नसतो, उत्तर द्यायला हवा तेवढा वेळ घेता येतो. इंटरनेट ही त्यांची बोलायची जागा. तिथूनच सगळ्यांनी एक दिवस उठून जायचं, तेही म्हणे यांना समजून घ्यायला! मग कोरिना बेकर आणि कॅथरिन ब्योर्नस्टाड या दोघींनी पुढाकार घेतला आणि त्याच दिवशी, 1 नोव्हेंबरला, स्वमग्न माणसांनी भरभरून लिहावं असं आवाहन केलं. ‘ऑटिस्टिक्स स्पीकिंग डे’ तो हाच.

इथलंच एक उदाहरण देते. माझ्याकडे शिकायला येणारा एक मुलगा आहे, आता मिसरूड फुटलंय त्याला. तोंडानं फार थोडं बोलतो, टॅबलेटवर एका बोटानं टाइप करतो. एका संस्थेनं या मुलांच्या मदतीसाठी कार्यक्रम ठेवला होता. संस्थेचं नाव सांगत नाही. मुलांच्या स्वागताला ढोल-ताशा पथक. बंद हॉलमध्ये! (हशा.) हसू नका हो, खरंच. हा दोन्ही कानांवर तळवे दाबून भिंतीला चिकटून उभा. निवेदकांनी माइक त्याच्या आईच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, ‘ताई, कसं वाटतंय याला?’ आई काय बोलणार? ‘खूप आनंद झालाय,’ म्हणाली. तोवर याचं बोट टॅबलेटवर चाललं होतं. मी वाकून पाहिलं. ‘ढोल बंद करा. मला थांबायचं आहे.’ नीट ऐका. त्याला घरी जायचं नव्हतं, त्याला थांबायचं होतं. पण ते वाचायला माइक त्याच्याकडे आलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला तो कान दाबलेल्या मुलाचा. खाली ‘आपल्याच विश्वात हरवलेली मुलं’.

पुढच्या रांगेत आमच्या शाळेसाठी देणग्या जमवणाऱ्या क्लबाची मंडळी बसली आहेत. त्यांच्या कपाळावर आठ्या दिसायला लागल्यात. (हशा.) तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही जमवलेल्या पैशातून आमच्या दोन वर्गांत आवाज शोषणारे पडदे लागले, हे मी कुठल्याही सभेत सांगेन. पण पैसा जमवताना दाखवलेलं चित्र पैसा संपला तरी लोकांच्या मनात राहतं, आणि ते घेऊन हा मुलगा उद्या नोकरी मागायला जाणार आहे.

न्यूयॉर्कमधलं उदाहरण याहून वाईट. तिथल्या विद्यापीठाच्या ‘चाइल्ड स्टडी सेंटर’नं डिसेंबर 2007मध्ये शहरभर फलक लावले. अपहरणकर्त्यानं खंडणीसाठी पाठवावी तशी चिठ्ठी: तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, तो जन्मभर स्वतःची काळजी घेऊ शकणार नाही. खाली सही, ‘ऑटिझम’. अॅरी नेमन नावाचा जेमतेम विशीतला स्वमग्न तरुण आणि त्याची संघटना याविरुद्ध उभी राहिली, अपंगांच्या इतर संघटना सोबत आल्या आणि महिना संपायच्या आत फलक उतरवावे लागले. (टाळ्या.)

आता जेरी लुईसबद्दल थोडं, म्हणजे दोनच मिनिटं. अमेरिकेतला विनोदी नट, केवढा मोठा माणूस. 1966पासून 2010पर्यंत दरवर्षी लेबर डेच्या सुटीत स्नायूंच्या आजाराच्या मुलांसाठी टीव्हीवर तासन्‌तास कार्यक्रम करायचा. स्वतः रडायचा, देश रडवायचा, कोट्यवधी डॉलर उभे करायचा. मुलांना म्हणायचे ‘जेरीज किड्स’. माइक अर्विन आणि क्रिस मॅथ्यूज ही शिकागोची भावंडं लहानपणी या कार्यक्रमामागच्या संस्थेच्या जाहिरातीतले चेहरे होती. तीच मोठी झाल्यावर निदर्शनं करायला लागली! कारण? 1990मध्ये जेरीनं एका मासिकवजा पुरवणीत लेख लिहिला. मी चाकाच्या खुर्चीत असतो तर, अशी कल्पना करून लिहिलेला. आणि त्यात तो म्हणाला की मग मी अर्धाच माणूस असेन. खुर्चीत बसून शिकलेली, कमावणारी, संसार करणारी माणसं हे वाचत होती. लंडनलाही देणग्यांसाठी टीव्हीवर असाच तासन्‌तास चालणारा कार्यक्रम, म्हणजे टेलिथॉन, होता, तिथे 1990 आणि 1992 साली अपंग कार्यकर्ते स्टुडिओबाहेर जमले. 92नंतर तो कार्यक्रम झाला नाही. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ... बरं, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. (हशा.) दहा मिनिटं? पाच. ठीक आहे.

मग मुद्द्यावरच येते. जेरीची खुर्ची आणि ब्रिस्बेनचा गप्प दिवस, दोन्हींत चूक एकच. एक दिवसाचं सोंग आपल्याला पहिला दिवस दाखवतं. विहिरीत पहिल्यांदा ढकललेल्या माणसाला पोहणं कसं असतं विचारा, तो बुडण्याचंच वर्णन करील. एरिएल सिल्व्हरमन या अंध संशोधिकेनं सहकाऱ्यांबरोबर हे तपासून पाहिलं. डोळ्यांवर पट्टी बांधून वावरलेल्या लोकांना नंतर अंध माणसं काम करायला, स्वतंत्र राहायला कमी सक्षम वाटली. म्हणजे सहानुभूती वाढवायला केलेल्या खेळानं विश्वास कमी केला. आपल्याकडे शाळाशाळांतून हा पट्टीचा खेळ अजून चालतो. तो बंद करा, असं मी स्पष्ट म्हणते.

चिठ्ठी आली आहे. ‘रडवल्याशिवाय लोक खिशात हात घालत नाहीत, मग थेरपीचा खर्च कोण देणार?’ प्रश्न रास्त आहे, विचारणारे बहुधा पालक असावेत. खर्च मी रोज बघते. आठवड्याचे सेशन, शाळेत सोबत बसणारी बाई, सुटलेली आईची नोकरी. पैसा हवाच. पण कशाला हवा ते सांगून मागा. टॅबलेटला इतके लागतात, शांत खोलीला इतके, प्रशिक्षित शिक्षिकेच्या वर्षाच्या पगाराला इतके. हिशेब मांडला की लोक देतात, आमचे पडदे तसेच आले. ‘जे बोलत नाहीत, लिहीतही नाहीत, त्यांचं काय?’ असंही खाली लिहिलंय. त्यांचंही नाही म्हणणं दिसतं. कान दाबणं म्हणजे नाही. तोंड फिरवणं म्हणजे नाही. जवळच्या माणसाला ते कळतं, आणि कळल्यावर तो फोटो छापायचा नाही.

दोन एप्रिल, म्हणजे जागतिक स्वमग्नता जागृती दिन, नुकताच झाला. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाची आखणी दिवाळीनंतर सुरू होईल. क्लबाच्या मंडळींना आणि इथल्या प्रत्येक संस्थेला माझी विनंती आहे, तुमच्या समितीत किमान दोन स्वमग्न माणसं घ्या, त्यांना बैठकीचे मुद्दे आधी लेखी पाठवा, उत्तराला वेळ द्या, आणि त्यांनी नाही म्हटलेलं पत्रक छापू नका. माणसं सापडत नसतील तर आमच्या शाळेत या, मी गाठ घालून देते.